शेपटीतले वजन

शहराबाहेर नेणाऱ्या उड्डाणपुलाच्या उतारावर कुणीतरी मागून आमच्या गाडीची कंबर धरली आणि ती हलकेच डावीकडे ओढली, मग उजवीकडे. जोर असा काही नव्हता. गर्दीत ओळखीचा माणूस खांद्याला हात लावतो, तेवढाच. पण दुसरी ओढ पहिलीहून थोडी मोठी होती आणि तिसरी दुसरीहून. बाजूच्या आरशात पाहिले, तर मागचा ट्रेलर एकदा दिसत होता आणि एकदा दिसत नव्हता. ‘हलू नकोस,’ गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला. मी हललेली नव्हते. त्याने ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पायच तो इतक्या सावकाश उचलत गेला, जणू झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून कुणी हात काढून घेत असावे. विजेच्या गाडीत पाय एकदम उचलला की मोटार स्वतःच गाडीला अडवू लागते आणि मागचा बोजा पुढच्याला ढकलतो, हे त्याने नंतर सांगितले. ऐंशीचे सत्तर झाले, साठ झाले, पन्नास झाले, आणि मागचा ट्रेलर शांत झाला. मला भीती वाटली नाही, असे मी लिहिले तर ती निराधार नोंद ठरेल. मात्र भीतीच्याही आधी माझ्या मनात आले ते एवढेच, की खोक्यांचा क्रम बिघडला असणार.

ट्रेलरमध्ये एक शब्दकोश होता. छापलेला नव्हे, छापलेला कोश एखाद्या पिशवीतून नेता येतो. चिठ्ठ्यांचा कोश, एकेचाळीस खोक्यांत, अ पासून ह पर्यंत. त्यातली पहिली वीस वर्षे माझ्या वडिलांची होती, पुढची चौतीस माझी. ज्या संस्थेत तो होता तिच्या संचालकांना वाचण्याची सवय नव्हती, वाचनाविषयी बोलण्याची होती. त्यांनी पत्रात कोशाला ‘कालबाह्य साहित्य’ म्हटले आणि कोशाची खोली ‘संवादकक्षा’साठी मागून घेतली. त्या खोलीत चौतीस वर्षे मी कुणाशी न बोलता काम केले होते, तेव्हा तिला संवादाची गरज आहे हे निदान चुकीचे म्हणता येणार नाही. आज दुपारी बारानंतर खोलीत जे उरेल ते कागदाच्या लगद्याच्या कंत्राटदाराचे. दूरच्या एका शहरातल्या ग्रंथालयाने संग्रह घ्यायचे कबूल केले होते, तेही आज पाच वाजेपर्यंतच, कारण उद्यापासून त्यांची स्वीकृती-खिडकी बंद होणार होती. परत आणायला जागा उरलेली नव्हती. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकेचाळीस खोकी ठेवली, तर मला जिन्यात राहावे लागले असते.

धाकटा ट्रेलर बनवतो. शहरात मालवाहू ट्रेलर सगळेच चौकोनी बनवतात. त्याच्या कारखान्यातला पुढून गोल, पोटाशी झाकलेला आणि मागे निमुळता होत जाणारा असतो, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब आडवा केला तर दिसेल तसा. विजेच्या गाडीला चौकोनी खोके जोडले की तिची एका चार्जमधली धाव निम्म्यावर येते. याचा ट्रेलर जोडला की एक तृतीयांशच कमी होते. ‘हवेशी मारामारी करायची नसते, ताई. तिला मागे नीट एकत्र येऊ द्यायचं असतं,’ तो सांगतो. आमच्या घरात एवढे सूत्रबद्ध वाक्य बोलणारा दुसरा कुणी नाही, आणि हा दहावीला भाषेत काठावर पास झालेला. गेल्या आठवड्यात मी प्रथमच त्याच्याकडे काही मागितले. त्याने एकच प्रश्न विचारला होता, ‘वजन किती?’ मी सांगितले, ‘दोन लाख ऐंशी हजार नोंदी.’ त्याने बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाला, ‘बरं.’

आता महामार्गाच्या कडेला तो ट्रेलरचे मागचे दार किलकिले करून, आत विजेरी धरून उभा होता. मालमोटारी जाताना आम्हा दोघांचे कपडे एकाच दिशेला उडत होते.

‘हे कुणी भरलं?’

‘मी. शिपाई उचलत होते, मी सांगत होते. तू फाटकावर पहारेकऱ्याशी भांडत होतास.’

‘कसं भरलंस?’

‘कसं म्हणजे? क्रमाने. अ नाकाशी, ह शेपटीत.’

त्याने विजेरी बंद केली. ‘आणि जड कोणती अक्षरं?’

या प्रश्नाचे उत्तर या भाषेत माझ्याइतके नेमके कुणालाच ठाऊक नाही. स्वर हलके, फक्त अ सोडून. क बऱ्यापैकी. ट, ठ, ड, ढ मिळून एक खोके भरत नाही. मग मात्र प, म, व आणि सर्वांत शेवटी स, जो एकटा पाच खोकी व्यापतो. मी हे सगळे त्याला सांगितले. सांगता सांगताच मला कळले की भाषेचा भार उत्तरार्धात आहे, आणि हे निरीक्षण एखाद्या निबंधात शोभले असते.

‘म्हणजे सगळं ओझं आसाच्या मागे,’ तो म्हणाला. ‘नाकावर साठ-सत्तर किलो पाहिजे, तिथे तू अनुस्वार ठेवलेस. आणि शेपटी हवेसाठी असते गं, सामानासाठी नाही. ती रिकामी ठेवायची. जगात कुणी ट्रेलर वर्णानुक्रमे भरलेला नसेल.’

‘ग्रंथालयाची अट आहे, क्रमाने द्या म्हणून.’

‘मग तरी उलटा भरायचास. आता दार उघडलं की आधी ह बाहेर येणार.’ तो हसला, पण लगेच हसणे आवरले. ‘चूक माझी. जोडण्याआधी वजन करायला पाहिजे होतं. म्हटलं, ताईने भरलंय म्हणजे बरोबरच असणार.’

इथे रस्त्यावर खोकी उतरवणे शक्य नव्हते. पन्नासच्या वर जाता येणार नव्हते. पन्नासनेच गेलो तर पोचायला साडेपाच. मधल्या चार्जिंगच्या ठिकाणी गाडीला पाऊण तास थांबावेच लागणार होते. तेवढ्यात सगळे उतरवून पुन्हा भरले, तर पुढे ऐंशीने जाऊन सव्वाचारपर्यंत खिडकी गाठता येईल. हा हिशेब त्याने बोटाने काचेवरच्या धुळीत केला आणि बाहीने पुसून टाकला.

पन्नासच्या वेगात विचार करायला फार जागा असते. विजेच्या गाडीला स्वतःचा आवाज नसतो, त्यामुळे माणसाला स्वतःचा ऐकावा लागतो. वडील म्हणत, आधाराशिवाय शब्द म्हणजे अफवा. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, अर्थ, वापराचे वाक्य आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात आधार: कोणत्या पुस्तकात, कितव्या पानावर. मी सोळाव्या वर्षी मावशीकडून परत आले तेव्हापासून त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले ती बसलेच. आई आदल्या वर्षी गेली होती. ती गेल्यावर लगेच मला मावशीकडे ठेवले, परीक्षेचे वर्ष म्हणून. धाकटा घरीच राहिला. परत आले तेव्हा घरात रडण्याचे काम उरकलेले होते आणि कोशाचे काम चालू होते. मला ते फार स्वच्छ वाटले. पुढे वडील गेल्यावर संपादक म्हणून मी पहिला निर्णय घेतला, तो तोंडी आधाराच्या नोंदी रद्द करण्याचा. कुणीतरी बोलताना ऐकला, एवढ्यावर शब्द कोशात येत नाही. मी त्यांच्याच तत्त्वाने त्यांना तपासले, आणि चिठ्ठ्यांवर मारलेल्या तांबड्या रेघांचा मला अभिमान होता. रद्द चिठ्ठी फेकायची नाही, जागच्या जागी ठेवायची, म्हणजे पुढचा माणूस तीच चूक करणार नाही, हाही त्यांचाच नियम. ग्रंथालयाला मात्र हा नियम मान्य नव्हता. ‘संग्रहात केवळ अंतिम नोंदी असाव्यात, रद्द वा निराधार नोंद आढळल्यास संपूर्ण संग्रह परत पाठविण्यात येईल.’ अर्जावरचे हे वाक्य ज्याने लिहिले त्याने आयुष्यात एकही वाक्य खोडलेले नसणार. दोन महिने बसून मी अ पासून श पर्यंतच्या रद्द चिठ्ठ्या काढल्या. संचालकांनी मुदत पंधरा दिवसांनी अलीकडे आणली, आणि स व ह तसेच राहिले. हे मी धाकट्याला सांगितले नव्हते. मी अर्जावर सही करणार होते, आणि ते वाक्य खोटे असणार होते. चौतीस वर्षांत पहिले. एवढे एकच खोटे पचेल, असे मी ठरवले होते.

चार्जिंगची जागा एकट्या गाडीसाठी आखलेली होती. ट्रेलरसकट आत शिरलो, तर मागची थेंबाची शेपटी रस्ता अडवत होती आणि केबल पोचत नव्हती. धाकट्याने ट्रेलर सोडवून मालमोटारींच्या बाजूला लावला, चाकांखाली दगड दिले, गाडी चार्जरला जोडून आला. मग त्याने दार पूर्ण उघडले, आणि स चे एक खोके फुटून चिठ्ठ्या दाराबरोबर बाहेर आल्या. ओतल्या गेल्या नाहीत. सरकल्या, पत्त्यांचा डाव हातातून सुटावा तशा. काही सिमेंटवर, काही त्याच्या बुटांवर. वारा होता. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पसरून त्या दाबून धरल्या. माझ्या वयाच्या बाईने सार्वजनिक जागी असे बसणे विनोदी दिसत असणार. समोरचा मालमोटारवाला खाणे थांबवून पाहत होता.

‘तू वेच,’ धाकटा म्हणाला, ‘मी बाकीची खोकी फिरवतो. क्रम तिथे उतरवताना लावू, दाराशी मांडून. आता फक्त वजन.’

तो प आणि म उचलून आसाच्या पुढे नेत राहिला, श्वास टाकत, खोक्यांशी बोलत. ‘चल म. मोठं खानदान दिसतंय तुझं.’ जमेल तशी सगळी खोकी पुढे गेली, शेपटी रिकामी झाली. मग तो खाली बसून माझ्याबरोबर वेचू लागला. मी शब्द पाहून लावत होते, तो नुसत्या गोळा करून कडा जुळवत होता. थोड्या वेळाने त्याच्या बाजूचा आवाज थांबला.

‘ताई, हे बाबांचं अक्षर ना?’

‘हो.’

‘“सळवा. चादर झटकली असता अंगावर येणारा वारा. धाकट्याच्या तोंडून, वय सात.”’ त्याने आणखी एक उचलली. ‘“सावकट. दिवा मालवल्यावर डोळ्यांत काही वेळ राहणारा डाग. धाकट्याच्या तोंडून, वय सात.” हा धाकटा म्हणजे मी?’

‘दुसरा कोण असणार?’

‘आणि ही तांबडी रेघ?’

‘माझी. तोंडी आधार चालत नाही. तुझ्यावर राग नव्हता.’

‘नाही गं, बरोबरच खोडलंस.’ तो चिठ्ठ्या वाचत राहिला, एकामागून एक, ओठ हलवत. एकीवर तो इतरांपेक्षा जास्त थांबला. ‘मी हे बोललोच नव्हतो.’

‘तुला कसं आठवणार? सात वर्षांचा होतास.’

‘म्हणून तर आठवतं. सातव्या वर्षी मी बोलतच नव्हतो, ताई.’

मालमोटारवाल्याने खाणे पुन्हा सुरू केले होते. धाकट्याने हे वाक्य टायरमधली हवा सांगावी तसे सांगितले. आई गेल्यापासून वर्षभर त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. शाळेतून परत पाठवले होते. दोन डॉक्टर झाले. मग एके दिवशी अंगणात तो ‘चेन उतरली’ एवढे म्हणाला आणि सायकल नीट करून बसला. ‘तू मावशीकडे होतीस. तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं, परीक्षा होती ना. तू यायच्या आधी बोलायला लागलो, मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही.’

मी चिठ्ठ्यांवरच्या तारखा पाहिल्या. तपासणे ही माझी सवय आहे आणि ती अशा वेळी फार उपयोगी पडते. सदतीस चिठ्ठ्या, सगळ्या त्या एका वर्षातल्या, सगळ्या रात्रीच्या शाईच्या, म्हणजे घरी लिहिलेल्या. कार्यालयाची शाई निळी होती, घरची काळी. ज्या माणसाने मला शिकवले की आधार नसेल तर तोंड मिटून बसावे, त्याने एका मिटलेल्या तोंडात वर्षभर शब्द घातले होते, त्यांना अर्थ दिले होते, खाली वय लिहिले होते आणि ते कोशात योग्य जागी लावून ठेवले होते. बनावट आधार. कोशकाराच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. माझा राग थंड असतो, त्याला धार असते, आणि त्या क्षणी तो संचालकांवरून उठून अगदी सहजपणे बाबांवर जाऊन बसला. चाळीस वर्षे तो तिथेच बसायला जागा शोधत असावा. मला त्यांनी नियम दिले आणि याच्यासाठी नियम मोडले. मोडले तेही इतक्या गुपचूप, की ज्याच्यासाठी मोडले त्याला बावन्नाव्या वर्षी, मालमोटारींच्या तळावर कळावे. आणि शब्द चांगले होते. हे मला संपादक म्हणून मान्य करणे भाग होते. सळवा हा शब्द या भाषेत नाही, आणि तो असायला हवा होता.

‘बाकीच्या अक्षरांतही असतील ना असल्या?’ त्याने विचारले.

‘होत्या.’

‘मग?’

‘रद्द चिठ्ठ्या काढायच्या होत्या. अ पासून श पर्यंत मी काढल्या. पोत्यांत भरून दिल्या.’

‘कुणाला?’

त्याला कंत्राटदार ठाऊक होता. सकाळी त्याच्याच टेम्पोशेजारी त्याने गाडी लावली होती.

‘म्हणजे मी आता स पुरता उरलो,’ धाकटा म्हणाला आणि हसला. खरोखर हसला, खांदे हलवून. मग त्याने त्या सदतीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला. ‘यापण काढायच्या असतील तर आत्ताच काढ. तिकडे नसती भानगड नको.’

‘तुला हव्यात?’

‘मला? मी बोललो नाही ते मी कशाला ठेवू?’

वारा चिठ्ठ्यांच्या कडा उचलत होता. काढून टाकणे हा सरळ मार्ग होता. अर्जावरचे वाक्य खरे ठरले असते, ह मध्ये फारसे काही नव्हते, माझी सही स्वच्छ राहिली असती आणि एकेचाळीस खोकी सुखरूप झाली असती. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर होता. मी गठ्ठा घेतला आणि बसून एकेक चिठ्ठी तिच्या जागी लावू लागले: सळवा सळसळ या शब्दाच्या आधी, सावकट सावकारच्या आधी. गाडी चार्ज झाल्याची खूण आली होती तरी धाकटा घाई करत नव्हता. लावून झाल्या तेव्हा त्याने ट्रेलर बांधायच्या पट्ट्याने फुटलेले खोके आवळले, नाकावरचे वजन घरून आणलेल्या न्हाणीघरातल्या काट्यावर मोजले, म्हणाला, ‘अडुसष्ट. शहाणा झाला.’ पुढचा सगळा रस्ता ट्रेलर मागे आहे हे आरशात पाहिल्याखेरीज कळत नव्हते. आम्ही दोघेही आरशात पाहत होतो.

स्वीकृती-अधिकारी तरुण होता, नीटनेटका होता, आणि थकलेला. साडेचार वाजले होते. त्याने अर्ज वाचला, माझी सही पाहिली, मला नम्रपणे ‘मॅडम’ म्हटले. खोकी धाकट्याने दाराशी मांडून क्रमाने आत आणली, अ पासून. अधिकारी मधूनमधून एखादे उघडत होता, दोन-तीन चिठ्ठ्या चाळून बंद करत होता. पट्ट्याने बांधलेले खोके त्याने अर्थातच उघडले. मीही तेच उघडले असते.

‘मॅडम, ही रद्द केलेली आहे.’

‘केली होती,’ मी म्हणाले. ‘मी केली होती. ती माझी चूक होती. नोंद कायम आहे.’

‘“सांदवणे. दाराच्या सांदीत उभे राहून, आत न येता, आतल्यांचे ऐकत राहणे.”’ त्याने चिठ्ठी उलटून पाहिली. ‘आधार तोंडी दिलाय. कुणा धाकट्याचा. निराधार नोंद निघाली तर मला सगळा लॉट परत करावा लागेल, तुम्हाला माहीत आहे. हा शब्द कुणी बोललंय याला काही पुरावा?’

खरे उत्तर मला ठाऊक होते: कुणीही नाही. चौतीस वर्षे मी हाच प्रश्न याच उत्तरासाठी विचारत आले होते.

‘मी आहे,’ धाकटा म्हणाला. तो ह चे खोके छातीशी धरून दारात उभा होता. ‘धाकटा म्हणजे मी.’

अधिकाऱ्याने त्याचे तेलकट हात, पांढरे केस पाहिले. ‘तुम्ही वापरता हा शब्द?’

‘हो.’

‘मग एखादं वाक्य सांगा, साहेब. चिठ्ठीवरचं नको.’ त्याने चिठ्ठी पालथी ठेवली. तो दुष्ट नव्हता. त्याला सही करायची होती आणि त्यासाठी काहीतरी हवे होते.

धाकट्याने खोके खाली ठेवले. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटले, आता हा बोलणार नाही. शब्द जुळवताना त्याच्या ओठांची जी हालचाल झाली ती मी कधी पाहिली नव्हती. पाहायला मी घरी नव्हते.

‘बाबा लिहीत बसले की मी सांदवायचो,’ तो म्हणाला. ‘त्यांना वाटायचं, मला दिसत नाही ते माझ्याकडे बघतायत ते.’

अधिकाऱ्याने मान हलवली. ‘असं करा मॅडम, हे वाक्य नव्या चिठ्ठीवर घ्या आणि जुनीच्या मागे लावा. म्हणजे मला हरकत नाही.’ त्याने कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. मी शब्द लिहिला, अर्थ लिहिला, वाक्य त्याने उच्चारले तसेच, दोन्ही ‘ते’सकट लिहिले. उजव्या कोपऱ्यात लिहिले, धाकट्याच्या तोंडून. मग वय. ते मला ठाऊक होते. पण आधार विचारूनच घ्यायचा असतो.

‘वय?’ मी विचारले.

‘लिही,’ तो म्हणाला, ‘बावन्न.’